बिनपोटाचा मोर आणि व्याह्याचे मोजे

तुमच्या व्याह्याच्या पायाची बोटं तुम्ही कधी नीट बघितलीत काय? नसणारच. सोयरीक जुळवताना आपण मुलीला दहा पावलं चालायला लावतो, वेणी खरी की गंगावन ते बघतो, उजेडात उभी करून रंग बघतो, सुईत दोरा ओवायला लावून नजर बघतो. मुलाकडचं काय बघतो, तर दुकान आणि वरचा माळा. मुलाच्या बापाला मोजे काढायला सांगितलं, असं मी तरी ऐकलेलं नाही. सोलापुरात एकदाच काढायला लावले, तेही न सांगता. ते ज्यानं केलं त्या गुरुसिद्धप्पाची ही हकीकत.

गुरुसिद्धप्पा साखर पेठेत माझ्या घरापासून चौथ्या दारात राहतो. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. दिवसात पन्नास शब्द बोलला तर संध्याकाळी घसा शेकत बसेल असा माणूस. चौथीपर्यंत शिकलेला, म्हणजे माझ्यापेक्षा तीन इयत्ता कमी, आणि अक्कल माझ्यापेक्षा तीन इयत्ता जास्त. हे मी लिहून देतोय, कारण पुढं ते लपणार नाही.

आधी तो चादरीच्या कारखान्यात जकार्डचे पुठ्ठे करायचा. ज्यांनी सोलापुरी चादर फक्त अंगावर घेतली त्यांच्यासाठी सांगतो. मागाच्या डोक्यावर जकार्डची पेटी असते. भोकं पाडलेले पुठ्ठे दोऱ्यात ओवून त्यांची लांब माळ करतात आणि ती त्या पेटीवर फिरवतात. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एका पुठ्ठ्याला आडवा धागा एक. मोर, फूल, काठ, सगळं त्या पुठ्ठ्यांत आधीच ठरलेलं. विणणाऱ्याच्या मनात वाघ असला तरी चादरीवर मोरच येणार.

एकोणसत्तर साली एक माळ तुटली. गुरुसिद्धप्पानं ती पुन्हा ओवली, आणि मधला एक गठ्ठा ओवायचाच राहिला. चादर मागावर उलटी विणतात, सुलटी बाजू खाली, त्यामुळे दोन दिवस कुणाला पत्ता नाही. चादरी उलगडल्या तेव्हा मोराच्या मानेलाच शेपूट चिकटलेली. मधलं पोट गायब. मॅनेजर आला, त्यानं डोकं लढवलं. डोकं थोडं असलं की लवकर लढून होतं. माग कोण चालवत होतं? नरसय्या. मग नरसय्याचाच दोष. त्याला त्याच दिवशी काढलं. तो बायकापोरं घेऊन भिवंडीला गेला. गुरुसिद्धप्पा उभा राहून सगळं बघत होता. त्याच्या हातात राहिलेला गठ्ठा होता आणि तो बोलला नाही. घरी दहा वर्षांची दानम्मा होती, एकुलती लेक. नोकरी गेली असती.

पुढं त्यानं आपणहून कारखाना सोडला आणि एका कॉलेजात शिपाई म्हणून लागला. तिथल्या प्राणिशास्त्राच्या सरांनी त्याला माशांच्या खोलीत टाकलं. माशा म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या बारक्या. सर त्यांचा अभ्यास परदेशात करून आले होते आणि येताना बाटल्या घेऊन आले होते. लोक परदेशातून रेडिओ आणतात. आमच्या सरांनी चिलटं आणली, ती पण बिघडलेली.

या परदेशी चिलटांना सोलापूरचा मे महिना सोसेना. थंड कपाट होतं, पण वीज आपल्या मर्जीची. पहिल्या उन्हाळ्यात निम्म्या बाटल्या मेल्या. सर डोकं धरून बसले. गुरुसिद्धप्पानं कुंभाराकडून मोठे रांजण आणले, तळाला ओली वाळू, त्यावर बाटल्या, वरून भिजवलेलं पोतं. दर दोन तासांनी पाणी मारायचं. माशा वाचल्या. सरांनी वरिष्ठांना कळवलं की तापमानाची व्यवस्था करण्यात आली आहे. कुणी केली ते कळवायचं राहून गेलं असावं.

हळूहळू सर त्याला सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून दाखवायला लागले, कारण दुसरं कुणी बघायला येत नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं. अंड्यात छोटी माशी बसलेली नसते. आधी सगळं सारखंच असतं. मग काही तासांत अंगाचे पट्टे आखले जातात: पुढं डोकं, मग छातीचे तीन, मग पोटाचे आठ. कुठल्या पट्ट्यानं काय व्हायचं याचे हुकूम आत लिहिलेले असतात, त्यांना जीन म्हणतात. निम्मे आईकडून येतात, निम्मे बापाकडून. एखादा हुकूम बिघडला की त्याच्या वाट्याचे पट्टे बिघडतात. एका बाटलीत मागचा पट्टा स्वतःला पुढचा समजतो आणि दोन पंखांच्या माशीला चार पंख येतात. एकीला पुरते येतात, तिच्या बहिणीला नुसता फुगा येतो, पण बिघाड तोच. दुसऱ्या एका बाटलीतल्या काही अळ्या अंड्यातच मरतात. त्यांची कातडी साफ करून काचेवर ठेवली की दातेरी पट्टे मोजता येतात.

त्या बाटलीतल्या अळीची काच त्यानं पहिल्यांदा बघितली तो दिवस त्यानं मला पुढं सांगितला. छाती नाही, पोटाचे पुढचे पट्टे नाहीत. डोक्यामागून थेट शेपटाकडचे पट्टे सुरू. तो स्टुलावर बसला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"ह्यो माझा मोर हाय," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

सरांना वाटलं, ऊन लागलं.

बाटल्यांच्या खोलीत एक नियम होता आणि तो गुरुसिद्धप्पाला पोथीसारखा पाठ झाला. वेगळी माशी निघाली तर तिच्याकडे डोळे वटारून बघायचं नाही. ती कुठल्या बाटलीतली ते बघायचं, आणि बाटलीवरची चिठ्ठी वाचायची. आई कोण, बाप कोण.

आता दानम्माकडे येतो. तिचं लग्न शुक्रवार पेठेतल्या शंकरप्पाच्या मुलाशी, भीमाशंकरशी, झालं होतं. शंकरप्पाचं पेंडीचं दुकान. पेंडीच्या दुकानात माणूस गादीवर अनवाणी बसतो. शंकरप्पा बसायचा काळे मोजे घालून. मे महिन्यातही मोजे, देवळातही मोजे. पेठेतले लोक म्हणायचे, माणूस शौकीन हाय. मीही म्हणायचो.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चात चंद्रग्रहण लागलं तेव्हा दानम्माला पाचवा महिना होता. पोटुशीनं ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, बोटं मुडपायची नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. नसलं तर शेजारीण सांगेल. सासू सुंदरम्मा खोलीत आली तेव्हा सुनेच्या हातात सुई होती. बाळासाठी दुपटं शिवत होती बिचारी, दोनच टाके राहिले होते म्हणून. ऑगस्टात साखर पेठेत, माहेरी, मुलगी झाली. उजव्या हाताची मधली दोन बोटं एकमेकांना चिकटलेली, आणि दोन्ही पायांची अंगठ्याशेजारची दोन-दोन बोटं तशीच. झालं. शिवत होती, म्हणून शिवली गेली. एवढा सोपा हिशेब आमच्याकडे पहिलीच्या पोरालाही कधी घालत नाहीत.

सासरच्यांनी तिसऱ्या महिन्यात न्यायला यायचं, ते आले नाहीत. निरोप आला: पोरगी तुमच्याकडंच असू द्या.

आता माझा पराक्रम. मी तेव्हा पेठापेठांतून जागृतीची व्याख्यानं भरवायचो. ग्रहणावर एक दणक्यात करू म्हटलं, आणि दानम्माचं काम परस्पर होऊन जाईल म्हटलं. वक्ते माशीवाले सर. अध्यक्ष शंकरप्पा, कारण खुर्च्या आणि चहा त्याचा होता. शत्रूला अध्यक्ष करून त्याच्याच खर्चानं हरवायचं, अशी माझी चाल होती. चाल छान होती. सरांना ती कुणी सांगितली नव्हती.

सर चांगलं बोलले. ग्रहण म्हणजे सावली. बाळाची बोटं दुसऱ्या महिन्यातच सुटी होतात, पाचव्या महिन्यात सुई धरा नाहीतर सुरी. इथं थांबले असते तर मी त्यांना हार घातला असता. पण विद्वान माणसाला थांबा कुठं असतो? त्यांना आपली माशी आठवली. "आणि गंमत बघा," ते म्हणाले, "डोकं कुठं, शेपूट कुठं, ही पहिली आखणी अंड्यात आईच करून ठेवते. तिचेच जीन. बापाचा त्यात हात नसतो. आईकडे बिघाड असला तर पिल्लाला दोन्हीकडून शेपूटच येतं."

शंकरप्पा अध्यक्षीय भाषणाला उठला. तीन वाक्यं बोलला. "आमी अडाणी माणसं ग्रहण म्हणत हुतो. आज शास्त्रानंबी सांगितलं, दोष आईचाच आसतो. आमी सरांचे आभारी आहोत." टाळ्या पडल्या. मी उठून ओरडायला लागलो तर माईकवाल्यानं माईक बंद केला. तो माईकही शंकरप्पाचा होता. सर चष्मा पुसत मला म्हणाले, "तसं मी म्हटलं नाही हो. ते फक्त डोक्या-शेपटापुरतं, आणि माशीत. पण तेवढ्यापुरतं बरोबर आहे." त्या रात्री मी विज्ञानाला ज्या शिव्या दिल्या, तेवढ्या कुठल्या बुवानं दिल्या नसतील.

आठ दिवसांत निरोप आला. रविवारी सकाळी येतो, सोडचिठ्ठीच्या कागदावर दानम्मानं सही करावी. मुलासाठी अक्कलकोटचं दुसरं स्थळ बघितलं आहे. सोयरीक जुळवणारे चन्नवीरअण्णा मध्यस्थ म्हणून सोबत येतील.

मी पुस्तकं गोळा केली, सात कागद लिहून काढले आणि सकाळीच गुरुसिद्धप्पाकडे गेलो. तो पितळी परात घासत होता.

"तुमी गप बसायचं," तो म्हणाला.

"मी? मी गप?"

"तुमी बोललासा की लोकं चिडत्यात. मागल्या टायमाला तुमी भाषण ठेवलं, तवा निस्ता निरोप हुता. आता कागद आला."

माझ्याशी असं बोललेला माणूस सोलापुरात शाबूत फिरत नाही. पण खरं होतं, म्हणून मी भिंतीला टेकून बसलो.

ते आले. शंकरप्पा, सुंदरम्मा, मान खाली घातलेला भीमाशंकर आणि चन्नवीरअण्णा. शेजारपाजारच्या बायका दारात जमल्या. दानम्मा आतल्या चौकटीत पोरीला घेऊन उभी. शंकरप्पानं बूट दाराशी काढले, मोजे पायातच ठेवले, सतरंजीवर बसला आणि खिशातून कागद काढला.

गुरुसिद्धप्पा परात आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यासमोर उकिडवा बसला. "बीगर घरला आले," तो म्हणाला. बीगर म्हणजे कानडीत व्याही. "पाय धुतल्याबिगर बोलणं कसं सुरू करायचं?"

माझं टाळकं सणकलं. मुलीला हाकलायला आलेल्याचे पाय धुतो? मी उठणार होतो. दानम्मानं डोळ्यांनीच बस म्हटलं.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," शंकरप्पा पाय आखडत म्हणाला. "त्याची काय गरज न्हाय."

"धुऊ द्या की," चन्नवीरअण्णा म्हणाले. "पोरीचा बाप वाकतोय. वाकू द्या. मान हाय तुमचा."

"मला सर्दी झालीया."

"सर्दी नाकाला आसती," दारातली एक म्हातारी म्हणाली. "पायाला कवापासनं व्हायला लागली?"

बायका हसल्या. चन्नवीरअण्णांनी भुवई उचलली. मान नाकारणं म्हणजे मध्यस्थाचा अपमान. आयुष्यभर मानावर जगलेला माणूस त्या दिवशी मानातच अडकला. त्यानं उजवा पाय पुढं केला, जणू हॉस्पिटलात देतोय. गुरुसिद्धप्पानं मोजा हळू सोलला. पाणी घातलं. अंगठा चोळला, अंगठ्याशेजारची फट चोळली, मग पुढं बोट सरकवलं. ते सरकलं नाही. पुन्हा पाणी घातलं.

"अण्णा," तो चन्नवीरअण्णांना म्हणाला, "हितं पाणी जात न्हाय."

"काय म्हणालास?"

"ह्या दोन बोटांमधनं पाणी जात न्हाय. या, बघा."

चन्नवीरअण्णांनी चष्मा चढवला आणि वाकले. दारातल्या सगळ्या बायकाही वाकल्या. अंगठ्याशेजारची दोन बोटं, नखं दोन, कातडी एक. टोकापर्यंत.

"लगनात जावयाचे पाय धुतले," गुरुसिद्धप्पा म्हणाला, "तवाबी हितंच पाणी अडलं हुतं, निम्म्यापतूर. मला वाटलं, हळद आसंल. भीमाशंकर, तुमीबी पाय द्या. दानम्मा, पोरगी आण."

भीमाशंकरनं पाय परातीत ठेवला. दानम्मानं पोरीचे पाय त्याच परातीत सोडले. ती पाणी बघून खुशीत लाथा मारायला लागली. आजाचा एक, बापाचा एक आणि तिचे दोन. सगळ्या पायांत पाणी त्याच फटीत अडत होतं, बापाच्या पायात निम्म्यावर.

सुंदरम्मा आधी बोलली. "ह्यांचं जन्मताच हाय. ह्यांच्या आईनं ग्रहणात काय शिवलं आसंल, तिला इचारा."

"बरं, त्यांनी शिवलं," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "आन् भीमाशंकरच्या टायमाला तुमी शिवलासा?"

"मी?" सुंदरम्मा ताठ झाली. "मी कशाला शिवीन? चारी गरवारपणात एकबी गिराण चुकवलं न्हाय मी. खोलीत कोंडून घेऊन जप करत बसले हुते. आख्ख्या शुक्रवार पेठेला इचारा."

"मग भीमाशंकरचं निम्मं बोट कुणी शिवलं?"

या प्रश्नाला सात कागद आणि तीन पुस्तकं लागली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

शंकरप्पा चाचपडला. "पर माझे हात बघा. हाताची बोटं सुटी हायत. तिची हातालाबी आलीत, ती कुणाची?"

"बाटली तीच, एकीला पुरते पंख येत्यात, एकीला फुगा," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "बिघाड एकच. कुणाला थोडा, कुणाला लई."

"आमच्या घराण्याला तू माशीच्या पंगतीला बसवतोस?"

"न्हाय बीगर. माशीचा मान मोठा हाय. तिच्या बाटलीवर बापाचंबी नाव आसतंय."

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. गुरुसिद्धप्पा मात्र हसत नव्हता. परातीच्या कडेला हात टेकून तो पुढं बोलला, आणि पन्नास शब्दांचा कोटा त्यानं त्या दिवशी मोडला.

"मी तुमाला दोष देत न्हाय. ह्यो पुठ्ठा तुमच्या घरातनं आला, एवढंच म्हणतोय. उद्या माझ्या घरातनं आला आसता. दहा वर्सांमागं कारखान्यात माझ्या हातनं पुठ्ठे ऱ्हायले, मोर बिनपोटाचा झाला, आन् विणणाऱ्याला घालवलं. मी तितं हुतो. राहिलेला गठ्ठा माझ्या हातात हुता. मी बोललो न्हाय. विणणारी आज माझी पोरगी हाय म्हणून बोलतोय आसं म्हणा पायजे तर. म्हणा. पर कागदावर सही हुनार न्हाय."

चन्नवीरअण्णांनी शंकरप्पाच्या हातातला कागद घेतला, चार घड्या केल्या आणि स्वतःच्या खिशात ठेवला. "अक्कलकोटवाल्यांना काय सांगू?" त्यांनी विचारलं. "मोजे काढून सांगू की घालून?"

शंकरप्पा उठला. एक मोजा पायात, एक हातात. ओल्या पायानं शहाबादी फरशीवरून दारापर्यंत गेला. मागं ठसे उमटले, आणि बायकांनी ते वाळेपर्यंत बघितले. दोन बोटांचा एकच लांबट डाग.

भीमाशंकर पंधरा दिवसांनी एकटा आला. साध्या चपला घालून. दानम्मानं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "येते मी. पर मामांनी घरात मोजे घालायचे न्हाईत. पोरीला दिसू दे तिच्या आजाचे पाय. न्हाईतर तिला वाटंल, जगात आपलेच असे."

मी म्हटलं, झालं, फिसकटलं. बायका काहीही अटी घालतात. शंकरप्पानं दोन महिने घेतले. संक्रांतीला दानम्मा सासरी गेली. पुढं सरकारी दवाखान्यात पोरीच्या हाताची बोटं सोडवून घेतली; पायाची राहू दिली, चालायला काही अडत नाही. परवा पेंडीच्या दुकानावरून गेलो. शंकरप्पा गादीवर अनवाणी बसला होता आणि नात त्याच्या बोटांना धरून उभी राहायला शिकत होती. मला बघून त्यानं पाय आत घेतले. मला बघून अजून घेतो, नातीला बघून घेत नाही.

गुरुसिद्धप्पानं पाय धुतले त्याच आठवड्यात माझ्याकडून एक पोस्टकार्ड लिहून घेतलं, भिवंडीला नरसय्याच्या नावानं. मजकूर एकच: मोर माझा होता. पत्ता जुना होता. उत्तर आलेलं नाही. तो अजून टपालवाल्याकडे बघतो आणि मग रांजणावर पाणी मारायला कॉलेजात जातो.

तर आता एक काम करा. तुमच्या घरात सुनेनं ग्रहणात काय चिरलं आणि काय शिवलं याची चौकशी चालू असेल, तर ती जरा थांबवा. एक परात घ्या, एक तांब्या पाणी घ्या. घरातल्या थोरल्या पुरुषाला समोर बसवा, त्याचे मोजे काढा, आणि पाणी कुठं अडतंय ते बघा. थोरले तुम्हीच असाल, तर तुमचेच काढा.